इंग्रजी राजकीय संज्ञेचे अक्षरविभाजन व आघात : एक चिकित्सा

इंग्रजी उच्चारशास्त्राच्या अध्यापनात 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' ही २८ वर्णांची संज्ञा हमखास फळ्यावर येते. तिला सैलपणे सामासिक शब्द म्हटले जाते. वस्तुतः ती उपसर्ग व प्रत्यय लागून झालेला साधित शब्द आहे. तिचे अर्थानुसारी आणि उच्चारानुसारी विभाजन एकच असते, हे गृहीतक मात्र तपासून पाहणे आवश्यक ठरते.

संज्ञेचा संबंध धर्मसंस्था व राज्यसत्ता यांच्या नात्याशी आहे. १८६९ च्या कायद्यान्वये आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चची राज्यमान्यता १८७१ मध्ये संपुष्टात आली. वेल्समध्ये १९२० मध्ये तसेच घडले. अशी मान्यता काढून घेण्यास विरोध करणारी भूमिका म्हणजे ही संज्ञा होय. हा अर्थ अँटि, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरिअन व इझम या सहा रूपिकांतून उलगडतो.

उच्चारात मात्र बारा अक्षरे पडतात : अ‍ॅन्-टि-डिस्-इ-स्टॅब्-लिश्-मन्-टेअ-रि-अ-नि-झम्. येथे 'मेंट' ही रूपिका अखंड राहत नाही. तिचा स्वर क्षीण होतो आणि अंत्य व्यंजन पुढील अक्षरात जाते. 'एस्टॅब्लिशमेंट'मध्ये प्रधान आघात 'स्टॅब्'वर असतो. 'एरिअन' प्रत्यय लागताच तो आठव्या अक्षरावर, म्हणजे 'टेअ'वर सरकतो आणि 'स्टॅब्'कडे गौण आघात उरतो. 'पार्लमेंट'चा पहिल्या अक्षरावरील आघात 'पार्लमेंटेरिअन'मध्ये चौथ्या अक्षरावर जातो, तोही याच नियमाने.

मराठीत आघात सामान्यतः अर्थभेदक नाही आणि देवनागरी लेखनात तो दर्शविला जात नाही. परिणामी मराठी भाषक विद्यार्थी बाराही अक्षरे समान भाराने उच्चारतो. त्यात अनेक इंग्रजी कोशांतील मूळ नोंदीतले ठिपके ओळीच्या अखेरीस शब्द कोठे तोडावा हे सांगतात. उच्चाराचे विभाजन त्यापुढील उच्चारलेखनात पाहावे लागते. ठिपक्यांनाच प्रमाण मानून उत्तरपत्रिका तपासल्यास, कानाने ऐकून अचूक विभाजन करणाऱ्या विद्यार्थ्याचेच गुण कापले जाऊ शकतात. ही बाब मूल्यमापनाच्या दृष्टीने गंभीर आहे.

सारांश, रूपिकाविभाजन अर्थासाठी, अक्षरविभाजन उच्चारासाठी आणि ठिपके लेखनासाठी आहेत. प्रश्नपत्रिकेत यांपैकी काय अपेक्षित आहे, हे स्पष्ट केल्याशिवाय या सरावाला शैक्षणिक मूल्य प्राप्त होणार नाही.