चौकटीत काय येऊ द्यायचे? चेन्नईतील दोन चित्रपटांच्या आधारे

हौशी लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याला फ्रेमविषयी सर्वप्रथम सांगितला जातो तो तृतीयांशाचा नियम. पडद्याचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडा आणि पात्र रेषेवर ठेवा. नियम उपयोगी आहे, पण तो पात्राची जागा तेवढी सांगतो. पात्राभोवती काय दिसू द्यायचे आणि कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे प्रश्न उरतातच. त्यांसाठी चेन्नईत घडणारे दोन तमिळ चित्रपट तुम्ही पाहावेत.

पहिला, बालू महेंद्र यांचा 'वीडु' (१९८८), म्हणजे 'घर'. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेल्या महेंद्र यांनी याचे दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन स्वतःच केले. नोकरी करणारी सुधा घर बांधायला निघते, एवढेच कथानक. तिचे वृद्ध आजोबा अर्धवट बांधकाम पाहायला जातात, तो प्रसंग नीट पाहा. तिथे म्हातारा माणूस आणि अपुऱ्या भिंती यांचे नाते हाच आशय आहे. केवळ चेहऱ्याचे क्लोज-अप असते, तर त्यांचा आनंद दिसला असता, पण तो कशाचा हे कळले नसते. भिंत दिसते म्हणून आनंदाला कारण मिळते. ती अपुरी दिसते म्हणून आपल्याला काळजी वाटते. आज मोबाइलवर पार्श्वभूमी सरसकट धूसर केली जाते. चित्र देखणे होते, पण माणूस कुठे राहतो, कशाशी झगडतो, हे पुसले जाते.

दुसरा, बालाजी शक्तिवेल यांचा 'वळक्कु एण १८/९' (२०१२). विजय मिल्टन यांनी तो कॅनन ७डी या स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि त्याला उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे 'आमच्याकडे साधने नाहीत' ही सबब फारशी टिकत नाही. मात्र याहून महत्त्वाची बाब कथेतच आहे. एक श्रीमंत मुलगा एका मुलीचे तिच्या नकळत मोबाइलवर चित्रण करतो. असा प्रसंग दाखवताना दिग्दर्शकापुढे पेच असतो. मोबाइलमधले दृश्य पडदाभर दाखवले, तर प्रेक्षकही त्या मुलाच्या जागी बसतो. मुलगा, त्याचा हात आणि मुलगी एकाच चौकटीत आणली, तर प्रेक्षक साक्षीदार होतो. दोन्हींत दिसते ती मुलगीच, पण नजर बदलते. चित्रपटाचे बळ असे, की उत्तरार्धात घडलेले त्या मुलीच्याच तोंडून येते. जिच्याकडे चोरून पाहिले गेले, तिला बोलण्याची जागा मिळते. पडद्यावर ती जागा दर वेळी राखली गेली आहे का, हे तुम्ही शॉटगणिक तपासा.

हा प्रश्न तुमच्याही चित्रीकरणाचा आहे. बसथांब्यावर किंवा मरीना किनाऱ्यावर कॅमेरा सुरू केलात, की फुगेवाला, झोपलेला मजूर, अनोळखी मुलगी आपोआप चौकटीत येतात. त्यांनी होकार दिलेला नसतो. म्हणून बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : ही वस्तू काढली तर अर्थ कमी होतो का? मी कोणाच्या नजरेने पाहतो आहे? चौकटीतल्या माणसाला हे चित्र दाखवताना मला संकोच वाटेल का? तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर रचना कितीही नेटकी असली तरी तो शॉट घेऊ नका.