हो, नाही, लागलं तर बघू

परीक्षकांच्या दोन जाती असतात. एक, मुलाला येतं तेवढंच विचारणारे. यांना मुलं पुढे जन्मभर नमस्कार करतात. दुसरे, पुस्तकाचं हाताला येईल ते पान उघडणारे; हे दिसले की मुलं रस्ता बदलतात. मी आज ज्याची समीक्षा करायला बसलो आहे, तो या दुसऱ्या जातीचा अर्क आहे. नाव रँडकॉन्फिग.

हा माणूस नव्हे, संगणकाला द्यायची एक आज्ञा आहे. लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. (फौजेतला नव्हे, पण हुकूम सोडायची सवय यालाही आहे.) हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली जगापुढे ठेवला. आज तो अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि महासंगणकातही आहे. इतक्या घरांत नांदायचं तर प्रत्येक घरची आवड विचारायला हवी. म्हणून कर्नेल बांधण्याआधी हे हवं का, ते हवं का, असे दहा हजारांहून जास्त प्रश्न समोर असतात. उत्तरं बहुधा 'हो' किंवा 'नाही'. काही ठिकाणी तिसरंही चालतं: 'मॉड्यूल', म्हणजे वेगळं बांधून ठेवा, लागलं तर बोलावू. हे तिसरं उत्तर आम्हा मध्यमवर्गीयांच्या खास जिव्हाळ्याचं. आमचे माळे त्याच उत्तराने भरलेले असतात.

आता नुसतं हो-नाही धरलं आणि प्रश्न एकमेकांत गुंतलेले नाहीत असं मानलं, तरी दहा हजार प्रश्नांच्या उत्तरपत्रिका किती प्रकारच्या होतील? तो आकडा लिहायलाच तीन हजारांवर अंक लागतात! सगळ्या तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. तेव्हा रँडकॉन्फिग डोळे मिटतो आणि येईल ते उत्तर ठोकून देतो. मग त्या उत्तरांबरहुकूम कर्नेल बांधून पाहायचा.

यातून निघतं काय? समजा, एक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने दुसऱ्या भागातलं एक फंक्शन वापरलं. पण 'मला तो भाग लागतो' हे यादीत लिहायचं राहिलं. त्याच्या टेबलावर दोन्हींना 'हो' असल्यामुळे सगळं सुरळीत. रँडकॉन्फिग ड्रायव्हरला म्हणतो 'हो' आणि त्या भागाला म्हणतो 'लागलं तर'. झालं! पंगत बसली आणि आचाऱ्याला अजून निरोपच गेलेला नाही. बांधणी तिथेच मोडते.

"पण असला कर्नेल वापरतो कोण?" असं लिहिणारे चिडून विचारतात. मला हा प्रश्न पटत नाही. चिमूटभर मेमरीचं यंत्र बनवणारा माणूस नको ते एकेक काढत जातो, आणि त्याची उत्तरपत्रिका जगात त्याच्या एकट्याचीच असते. त्याला 'नाही' म्हणायची मुभा यादीने दिली आहे ना? मग दिलेला शब्द पाळायला हवा.

शिवाय हा परीक्षक पुरावा ठेवतो. ज्या बीजसंख्येवरून त्याने उत्तरं काढली, तीच त्याच कर्नेलवर पुन्हा दिली की तीच उत्तरं पुन्हा मिळतात. "तेव्हा तसं झालं होतं, आता होत नाही" ही सबब चालत नाही.

दोषही सांगतो. एक, तो वाटतो तितका निःपक्षपाती नाही. हो-नाहीच्या प्रश्नावर तो नाणं उडवतो. एखादा प्रश्न अशा पाच दारांआड असेल, तर बत्तीस फेऱ्यांत सरासरी एकदाच तिथवर पोचतो. खोलीतले गुन्हे सुटतात, ओसरीवरचे पुन्हापुन्हा पकडले जातात. दुसरा दोष मोठा. कर्नेल बांधला गेला, एवढंच तो सांगतो; चालेल की नाही, याची त्याला पर्वा नाही. भांडं गळत नाही म्हणून आमटी चांगली, असा न्याय! तिसरा दोष त्याचा नव्हे, त्याच्या धाकाचा: त्याची कटकट थांबावी म्हणून लोक न समजलेल्या व्हेरिएबलमध्ये शून्य भरून मोकळे होतात. इशारा गप्प होतो, चूक आत राहते.

म्हणून त्याला नेमा जरूर, पण एकट्याला नको. सगळ्याला शक्य तिथे 'हो' म्हणणारा आणि शक्य तिथे 'नाही' म्हणणारा, असे त्याचे दोन भाऊही याच घरात आहेत, त्यांनाही बसवा. आणि बांधलेला कर्नेल एकदा खऱ्या यंत्रावर सुरू करून पाहा. हे मात्र 'लागलं तर बघू' म्हणून माळ्यावर टाकू नका.