हस्तलिखिताची सफाई : कोणाच्या अभिरुचीसाठी?

आपल्या नव्या लेखकांपैकी काही जण आता लेखन पूर्ण झाले की पानामागे दर ठरवून ते एखाद्या संपादकाकडे 'भाषा नीट करायला' देतात. हा व्यवहार वरवर तांत्रिक वाटतो. पण नीट म्हणजे कोणासारखी, हा प्रश्न विचारला की त्याचे सांस्कृतिक स्वरूप उघड होते.

येथे दोन गोष्टींची गल्लत केली जाते. शुद्धलेखन वेगळे, भाषा वेगळी. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली शासनमान्य झाले. 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. हे नियम मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत. लेखकाने कोणता शब्द निवडावा, हे ते ठरवीत नाहीत. पहिल्याच पिढीत शाळेची पायरी चढलेल्या लेखकाचे ऱ्हस्व-दीर्घ कोणी सुधारीत असेल, तर त्याच्या श्रमाचे मोल जरूर द्यावे.

पण भिवंडीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाचे 'सुधारलेले' आत्मकथन मी वाचले. त्यात 'आयनं कोरड्यास केलं' या वाक्याचे 'आईने भाजी केली' झाले होते. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर जे असेल ते. कधी डाळीचे पाणी, कधी नुसता मिरचीचा ठेचा. 'भाजी' हा शब्द येताच त्या घरातली टंचाई पुसली गेली. ही शुद्धी नव्हे, अनुभवाची अदलाबदल आहे; आणि तिचे पैसे लेखकानेच मोजले आहेत!

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला. त्यातले कितीतरी शब्द प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांना अपरिचित होते. त्यांनी अर्थ विचारून घेतले, ढसाळांबरोबर ती वस्ती पाहिली. शब्द कवितेत राहिले. अज्ञान वाचकाचे होते, ते वाचकानेच दूर केले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. ते शीर्षक कोणी 'आमचे जीवन' असे सुधारले असते, तर काय उरले असते?

मग संपादक नकोच का? हवा. पुनरुक्ती, घटनाक्रमातला गोंधळ, उगाच आलेले प्रवचन दाखवून देणारा परका डोळा प्रत्येक लेखकाला लागतो. मात्र त्याने प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहू नयेत. बाजारात खपावे म्हणून वरून चार शिव्या घालणारा संपादकही सफाई करणाऱ्याइतकाच घातक. दोघेही लेखकाऐवजी गिऱ्हाइकाकडे पाहतात.

म्हणून काम देण्याआधीच करार स्पष्ट करावा : शुद्धलेखन थेट दुरुस्त करावे, शब्द बदलायचा तर समासात प्रश्न लिहावा, मूळ प्रत लेखकाकडे राहावी, अखेरचा निर्णय त्याचा असावा. भिवंडीच्या मागावरचे ग्रे कापड प्रक्रियेला जाते, रंग चढून बाजारात येते, आणि विणणाऱ्याचे नाव कोठेच उरत नाही. कापडाच्या बाबतीत आपण हे सोसले. शब्दाच्या बाबतीत सोसण्याचे कारण नाही.