आवडीचा मजला आणि न निवडलेला सोबती

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, "सर, परदेशातल्या विद्यापीठांत विषयानुसार वसतिगृहं असतात. पर्यावरणवाल्यांचा एक मजला, संगीतवाल्यांचा दुसरा. आपल्याकडं असं का नाही?" आज त्यावरच बोलतो.

कल्पना वाईट नाही. वर्गात ऐकलेलं रात्री खोलीत पुन्हा चर्चेला येतं, नवं पोरगं एकटं पडत नाही. पण ही कल्पना आवडीवर उभी आहे, आणि आवड बरेचदा घरातून येते. ज्याच्या घरी तबला होता, तो संगीताच्या मजल्यावर जाईल. दर्यापूरकडच्या खेड्यातून पहिल्यांदाच अमरावतीत आलेल्या मुलाची आवड अजून ठरायची आहे. त्यानं अर्जावर काय लिहावं? म्हणजे आवडीनुसार वाटणी करता करता आपण नकळत घराण्यानुसार वाटणी करून बसतो.

आणि 'आपल्याकडं नाही' हेही खरं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं. पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठीही वसतिगृहं झाली. आज त्यांची जातवार नावं आपल्याला खटकतात. पण ज्या मुलाला गावात कोणी खोली देत नव्हतं, ताट देत नव्हतं, त्याला आधी छप्पर हवं होतं. पुढची पायरी कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात 1924 मध्ये गाठली. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत.

आपल्या अमरावतीत तेच काम पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयानं केलं. पंजाबराव वैदिक धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डहून परतलेले. 1927 च्या अंबादेवी मंदिर सत्याग्रहात ते पुढे होते. छात्रालयातही सर्व जातींची मुलं एकाच पंगतीला. त्या वसतिगृहाचा 'विषय' काय होता? माझ्या मते, न निवडलेल्या माणसासोबत राहणं. ॲरिस्टॉटल मैत्रीविषयी बोलताना एका जुन्या म्हणीचा आधार घेतो: सोबत पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडं मीठ खाल्लं की माणूस मिंधा होतो. तिथं ते बरोबरीनं खायचं आहे. हा फरक ध्यानात ठेवा.

आज काय स्थिती आहे? पंजाबरावांचं नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आहे, आणि एका निर्वाह भत्ता योजनेलाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. हे पैसे हवेतच. त्यावर अनेकांचं शिक्षण उभं आहे. पण पैसे खात्यात येतात आणि पोरगं खोली शोधायला बाहेर पडतं. घरमालक दारातच विचारतो, "आडनाव काय रे बाबू?" छात्रालयाच्या दारात ज्याला उत्तर मिळालं होतं, तो प्रश्न भाड्याच्या खोलीच्या दारात पुन्हा उभा राहतो. भत्ता भाडं भरतो, पण शेजारी देत नाही.

कोणी म्हणेल, सर, एकत्र राहण्याचं ओझं दरवेळी दुबळ्यानंच का उचलायचं? टोमणे त्यानंच का ऐकायचे? आक्षेप बिनतोड आहे. म्हणून नुसत्या खोल्या मिसळून भागत नाही. पाळीनं झाडू, पाळीनं वाढप, मेसच्या हिशेबात सगळ्यांचा हात आणि तक्रार ऐकणारा जबाबदार रेक्टर, एवढं तरी पाहिजे. श्रमाची वाटणी बरोबरीची असेल, तरच ते मीठ बरोबरीचं.

तेव्हा विद्यापीठानं खुशाल विषयवार मंडळं काढावीत. संध्याकाळी संगीतवाले संगीताच्या खोलीत जमोत, शेतीवाले शेतीच्या. पण झोपायच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटा. आवडीची माणसं आपण कुठंही शोधून काढतो हो. न आवडणाऱ्या माणसासोबत तीन वर्षं राहायचं शिक्षण वसतिगृहाबाहेर कुठं मिळणार, ते मला सांगा. प्रश्न असतील तर घेऊ.