'रिड्यूस्ड' म्हणजे काय कमी झाले?

भौतिक रसायनशास्त्राच्या अनेक पुस्तकांत, आणि मार्गदर्शिकांत तर हमखास, 'रिड्यूस्ड टेम्परेचर'ला दोन ओळी मिळतात : वायूचे तापमान भागिले त्याचे क्रांतिक तापमान. लगेच एक उदाहरण, दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर, की पुढचा मुद्दा. आमचा आक्षेप असा, की तो आकडा काय सांगतो हे विद्यार्थ्याला कळतच नाही. नावही फसवे. येथे कमी काहीच झालेले नसते. ते निव्वळ गुणोत्तर आहे, म्हणून त्याला एकक नाही.

उदाहरणे बहुधा २५ अंश सेल्सिअसची असतात. नागपूरच्या शिक्षकाने तीच का घ्यावीत? मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक सिलिंडर घ्या. या वायूचे क्रांतिक तापमान ३१ अंश, म्हणजे ३०४ केल्विन. ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन; गुणोत्तर १.०५. हिवाळ्यात १० अंशांच्या पहाटे तेच ०.९३ होते. तेव्हा आत द्रव आणि वाफ दोन्ही असतात, आणि जोवर दोन्ही आहेत तोवर दाब केवळ तापमानावर ठरतो. १० अंशांना सुमारे ४५ बार. गुणोत्तर एकाच्या पुढे गेले की कितीही दाबा, वेगळा द्रव होत नाही. मग सिलिंडरमध्ये वायू किती भरला आहे यावरही दाब ठरतो. भरण्यावर मर्यादा असते ती याचसाठी. आपल्याकडील गॅस सिलिंडर नियमांत वायूंची वर्गवारीच क्रांतिक तापमानावरून केली आहे, आणि ते नियम राबवणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय नागपुरातच आहे! स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनचे गुणोत्तर ४५ अंशांना ०.८६, ब्युटेनचे ०.७५. म्हणून भर उन्हाळ्यातही तो सिलिंडर हलवला की आत द्रव डचमळतो.

मुले सेल्सिअसमध्येच भागाकार करतात. वरच्या उदाहरणात १.४५ येते, आणि ते खरे वाटते. म्हणून पहिले उदाहरण नायट्रोजनचे द्यावे. त्याचे क्रांतिक तापमान उणे १४७ अंश. सेल्सिअसमध्ये भागले तर उत्तर उणे ०.३१! खरे उत्तर २.५.

हे गुणोत्तर काढायचेच कशाला, याचे उत्तर व्हॅन डर वाल्स यांनी १८८० मध्ये दिले होते : रिड्यूस्ड तापमान व रिड्यूस्ड दाब सारखे असतील, तर निरनिराळे वायू जवळपास सारखेच वागतात. पुस्तकांत हा नियम येतो, पण दूर कुठेतरी, सुटा. हायड्रोजन, हेलियम आणि पाणी त्यात नीट बसत नाहीत, हे सांगायला तर एक वाक्य पुरले असते.