‘स्कूल डेझ’मधली जेन

स्पाइक ली अटलांटातल्या मोरहाउस कॉलेजात शिकला. त्याच्या ‘स्कूल डेझ’ (1988) मध्ये काळ्या विद्यार्थ्यांचं मिशन हे काल्पनिक कॉलेज आहे. तिथल्या ‘गॅमा फाय गॅमा’ फ्रॅटर्निटीत शिरण्यासाठी हाफ-पिंट (खुद्द ली) वाट्टेल ते सोसतो. आपल्याकडचं रॅगिंगच हे, फक्त इथे पोरं स्वतःहून रांगेत उभी राहतात.

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर मीही सीनियर्सना मान खाली घालून सलाम ठोकले. दुसऱ्या वर्षी ठोकून घेतले. त्यामुळे हाफ-पिंटचा राग येत नाही, ओळख पटते.

माझं भांडण शेवटाशी आहे. हाफ-पिंटला ‘मर्द’ करायला म्होरक्या ज्युलियन आपल्या प्रेयसीला, जेनला, त्याच्यासोबत झोपायला भाग पाडतो. मग तिलाच दोष देऊन सोडून देतो. पार्लरमधल्या केसांच्या गाण्यात हीच जेन (टिशा कॅम्पबेल) काय तोऱ्यात होती! आता तिच्या वाट्याला नुसतं रडणं. पहाटे डॅप ओरडून सगळं कॅम्पस जागं करतो आणि शेवटची नजरानजर होते ती त्याची नि ज्युलियनची. जेनचं पुढे काय, हे लीनं विचारलेलंच नाही.