मेल्यावरचं बारसं

युरोपच्या इतिहासातल्या नावांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. 'शंभर वर्षांचं युद्ध' १३३७ ते १४५३ चाललं. म्हणजे ११६ वर्षं. वाण्याने वर टाकलेल्या मूठभर शेंगदाण्यांसारखी ही सोळा वर्षं आपण निमूट पदरात घेतो. 'बायझंटाइन साम्राज्य' मात्र काही केल्या पचत नाही. कॉन्स्टँटिनोपलचे ते लोक ग्रीक बोलत, पण स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत. १४५३ साली उस्मानी तुर्कांनी शहर घेतलं, तेव्हा लढता लढता पडलेला सम्राटसुद्धा रोमन म्हणूनच मेला. पुढे १५५७ साली हिरोनिमस वुल्फ या जर्मन पंडिताने त्यांच्या इतिहासकारांचे ग्रंथ छापले आणि वर 'बायझंटाइन' अशी चिठ्ठी डकवली. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं. इथे तेराव्यानंतर १०४ वर्षांनी झालं! पश्चिमेकडचे त्यांना जिवंतपणीही 'ग्रीक'च म्हणत. का नाही म्हणणार? 'रोमन सम्राट' ही पाटी जर्मन राजांनी आपल्या दारावर ठोकली होती, ती १८०६ पर्यंत काढली नाही. मूळ मालक हयात असताना हो! परवा चिडून मी माझ्या पुस्तकात 'बायझंटाइन' खोडून 'रोमन' लिहायला घेतलं. चाळिसाव्या पानावर पेन्सिल संपली.